बिनखर्चाचे हात

माझी भाची पुण्यात एका कंपनीत आहे. नुसत्या कॉम्प्युटरांनी भरलेल्या इमारतींना वीज कुठून घ्यायची, हे ठरवायचा तिला पगार मिळतो. ऊन, वारा, गॅस की सरकारी तारा. कुठलं स्वस्त पडतं आणि कुठलं ऐन वेळी दगा देत नाही. परवा ती मला हे समजावून सांगत होती, जरा हळू, जरा मोठ्यानं, म्हातारीला सांगतात तसं. मी म्हटलं, बये, हा वाद तुझ्या जन्माआधी माझ्यासमोर झालाय, आणि मी काही नुसती बघत बसले नव्हते. म्हणजे बसलेच होते, पण ते पुढं सांगते. तिला ती थाप वाटली. मला कुणी थापाडी म्हटलेलं खपत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

कारखाना साखरेचा होता, दौंड तालुक्यातला. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं अजून बाजारात भेटतात आणि मला त्यांच्याबरोबर चहा प्यायचा असतो. काळ सत्तरच्या दशकाच्या मधला. दुष्काळ सरला होता, उसाची रानं पुन्हा हिरवी झाली होती आणि कारखान्याच्या काट्यावर बैलगाड्यांची रीघ लागत होती. एवढ्या गाड्यांचं वजन, एवढे शेतकरी, दर पंधरवड्याला प्रत्येकाचं बिल. हातानं हिशेब करणारे कारकून मेटाकुटीला आले, तेव्हा कारखान्यानं पुण्याहून भाड्यानं यंत्रं आणली आणि ऑफिसमागच्या एका लांबट खोलीत मांडली.

त्या यंत्रांचं काम समजायला अवघड नाही. काट्यावर गाडीचं वजन झालं की पावती निघायची. त्या पावतीवरचे आकडे आम्ही मुली एका जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून उतरवायचो. एका गाडीचं एक कार्ड. मग सॉर्टर नावाचं यंत्र ती कार्डं शेतकऱ्यागणिक वेगळी करायचं आणि टॅब्युलेटर नावाचं दुसरं धूड भोकं वाचून बेरजा मारायचं आणि बिल छापायचं. पंचक्रोशीत आमच्या खोलीला ‘भोकं पाडायची खोली’ म्हणत. आम्हाला त्याचा राग यायचा, पण नाव खोटं नव्हतं.

मी मूळची शिरूरची. घोडनदीच्या काठावरच्या बौद्धवस्तीत आमचं घर. वडील नव्हते. आई कांद्याच्या वावरात खुरपायला जायची, सकाळी वाकली की दिवेलागणीला सरळ व्हायची. मी मॅट्रिक झाले तेव्हा मामानं मला दौंडला त्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणलं. मामा लोको शेडला फायरमन होता, वाफेच्या इंजिनात कोळसा मारायचा. निघताना आई एवढंच म्हणाली, “बसून करायची नोकरी बघ. माझ्यावाणी वाकून न्हाई.” ते वाक्य मी पदरात बांधून आणलं होतं. कारखान्यातली नोकरी मिळाली तेव्हा पहिल्यांदा मी काय बघितलं असेल तर खुर्ची.

खुर्ची मिळाली, पण नोकरी कसली, रोजंदारी. आलात तर हजेरी, नाही आलात तर नाही. आम्ही चौघी होतो. माझ्या शेजारी बसायची ती यवतची, तिच्या वडलांचं हमरस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात मुसलमानी बोली, बाहेर आमच्यापेक्षा ठसकेबाज मराठी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली, आणि तिथून आमची गट्टी जमली. बाकी दोघी कारखान्याच्या कॉलनीतल्या, जरा भित्र्या. वर एक इन्चार्ज होते, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आमच्यापेक्षा टॅब्युलेटरची काळजी जास्त. आम्हाला ताप आला तर ते म्हणायचे ‘बघू’, आणि टॅब्युलेटर खोकला तर पळत यायचे.

तर वीज. त्या काळी वीजकपात म्हणजे रोजचं मरण. सरकारी लाइन कधी जाईल याचा नेम नाही, आणि असली तरी संध्याकाळी विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या खोलीतला पंखा पेंगायला लागायचा. सॉर्टरच्या पोटात कार्डं निम्मी गेली आणि वीज गेली, की ती चिमट्यानं एकेक उपसायची आणि फाटलेली पुन्हा पाडायची. बिलं लांबायची. मग खिडकीशी शेतकऱ्यांची गर्दी, आणि शिव्या कुणाला, तर खिडकीत जी दिसते तिला. जणू काही वीज मीच घरी नेऊन ठेवली होती.

मॅनेजरसाहेब कंटाळले. त्यांनी एक दिवस इन्चार्जना सांगितलं, “वीज मिळत नसेल तर ही खोलीच बंद करू. पावत्या पुण्याला पाठवू, तिथं कार्डं होतील, बिलं छापून येतील.” आम्ही दाराशीच होतो, सगळं ऐकलं. खोली बंद म्हणजे आम्ही घरी. कॉलनीतल्या दोघींची लग्नं ठरली असती. यवतची म्हणाली, “मी पंक्चर काढीन.” माझ्यापुढं मात्र कांद्याचं वावर उभं राहिलं, आणि वाकलेली आई. मला रडू नाही आलं, राग आला. असा राग की भाकरी उतरेना.

पुण्याला पाठवण्याआधी दुसरी वीज तरी बघू, असं संचालकांनी ठरवलं आणि मग तो शोध सुरू झाला. आधी डिझेल. जनरेटर विकत घ्यायचा म्हणजे मोठा खर्च, म्हणून चाचणीसाठी जत्रेजत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्याचा जनरेटर उसना आणला. तो आमच्या खिडकीखाली ठेवला. त्याच्या धडधडीनं टेबलावरची टाचणी चालायला लागायची. धूर आत. त्या पंधरवड्याच्या बिलांना डिझेलचा असा वास मारत होता की शेतकरी म्हणत, ऊस घातला का रॉकेल? बरं, त्याची गती एकसारखी नाही. टॅब्युलेटर कधी आकड्यावर आकडा छापायचा, कधी ओळ गिळायचा. आणि डिझेल मिळवायचं म्हणजे पिंपं घेऊन ट्रकवाल्यांच्या मागं रांगेत उभं राहायचं, तेलाचे भाव तर आभाळाला गेलेले. नाकापेक्षा मोती जड. त्यात भरीत भर, बिलं निम्मी छापून झाली असताना तंबूवाला दारात हजर. कुठल्या तरी गावची जत्रा होती, त्याला जनरेटर परत हवा होता. इन्चार्ज त्याला हात जोडत होते. तो म्हणाला, “साहेब, तुमचं बिल थांबंल, माझी हीरॉइन थांबत न्हाई.” आणि घेऊन गेला.

आता काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो बघा. कारखान्यात स्वतःची वीज होतीच. उसाचा रस काढून झाला की जे चिपाड उरतं, कागदोपत्री ज्याला बगॅस म्हणत, ते बॉयलरमध्ये जाळायचे. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरायचं आणि त्या विजेवर अख्खा कारखाना चालायचा. आमच्या खोलीपासून ते टर्बाइन दगडफेकीच्या अंतरावर. चिपाडाचा डोंगर तर खिडकीतून दिसायचा. त्याचा भुसा उडून आमच्या केसांत, डब्यात, कार्डांच्या गठ्ठ्यांत यायचा. मग तिथून तार का नाही ओढायची? तर मोठ्या गिरणीत जाडजूड ऊस आला की विजेला झटका बसतो, नाजूक यंत्रं बिघडतील, असं कारखान्यातल्या इंजिनियर लोकांचं म्हणणं होतं. पण डिझेलनं हात पोळल्यावर ते म्हणणं जरा मऊ झालं. तार ओढली. आठवडाभर आमची यंत्रं चिपाडावर चालली, आणि सांगते, सरकारी विजेपेक्षा बरी चालली. गव्हाणीत, म्हणजे गिरणीकडं ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस पडतोय तोवर पंखा कसा ताठ फिरायचा.

मग संचालकांना दाखवायचा दिवस ठरला. संचालक बाजाराच्या दिवशी तसेही गावातून येतात, तेव्हा त्याच दिवशी दाखवू, असं सगळ्यांना सोयीचं वाटलं. मॅनेजरसाहेबांनी गाडीतळ स्वच्छ करून घेतला. रात्रभर थांबलेल्या गाड्यांचा ऊस सकाळीच गाळून टाकला, म्हणजे पाहुण्यांना मोकळं अंगण दिसेल. फाटकात रांगोळी घातली. आम्हाला धुतलेली पातळं नेसून यायला सांगितलं. आणि एवढ्या शहाण्या माणसांत, आम्हा चौघींना धरून, कुणाच्याही डोक्यात आलं नाही की बाजाराच्या दिवशी ऊसतोडीच्या टोळ्याही बाजाराला जातात. फडात कोयता नाही, रस्त्यावर गाडी नाही, गव्हाणीत ऊस नाही. साठ्यातलं चिपाड बॉयलरला आणून टाकावं, तर ते वाहणारी माणसंही मिरच्या-मसाला घ्यायला गेलेली. बाजार आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो कुणाला दिसलाच नाही.

संचालक खोलीत आले. इन्चार्जनी खटका दाबला. टॅब्युलेटरनं दोन बिलं झोकात छापली, तिसऱ्याला आवाज बसला, दिवा लाल झाला, पंखा गरगरत थांबला. वाफ उतरली होती. मॅनेजरसाहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, “मी म्हणत होतो ना? पुण्याला पाठवू. हा रोजचा तमाशा नको.” संचालक माना हलवायला लागले. शिरूरची एसटी डोळ्यांपुढून गेली.

आणि त्या शांततेत टक्, टक्, टकटक्, टक्. यवतच्या मैत्रिणीनं हात थांबवलेच नव्हते. वीज गेली म्हणून थांबायची आम्हाला सवयच नव्हती, कारण आमची पंचिंगची यंत्रं हाताची होती. बोटानं कळ दाबायची, पुठ्ठ्याला भोक, कार्ड एक घर पुढं. त्याला ना तार ना दिवा.

संचालकांत खुटबावचे एक आप्पा होते, फेटेवाले, उसाचे मोठे बागाईतदार. त्यांनी कान टवकारला. “ह्ये काय वाजतंय?”

“कार्डं पाडतीय, आप्पा,” ती मान वर न करता म्हणाली.

“लाइट न्हाई तरी?”

“ह्याला लाइट लागतच न्हाई. हाताचं हाय.”

आप्पा तिच्यामागं जाऊन उभे राहिले. चांगली पाचसात कार्डं होईतो बघत राहिले. मग वळून म्हणाले, “म्हंजी निम्मं काम बिनविजेचं हुतंय. आन् तुमी सगळी खोलीच पुण्याला धाडाया निघालाव व्हय, साहेब?”

तिथंच निकाल लागला. पंचिंग दिवसभर हातानं चालेल. गव्हाण भरलेली असेल तेव्हा चिपाडाच्या विजेवर सॉर्टर आणि टॅब्युलेटर पळवायचे. हंगाम संपला की उभ्या उसाच्या नोंदी हातानं पाडत राहायचं आणि सरकारी वीज येईल तेव्हा छापून घ्यायचं. चूल पेटलेली आहे तोवर त्यावर पाणीही तापवून घ्यावं, एवढाच हा शोध; कुठल्याही घरात रोज होतो. पण त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि मीही दोन खाल्ले. घरी जाताना पॅसेंजरच्या खिडकीत बसून मी मोठ्यानं हसले. समोरच्या बाईनं पोराला जवळ ओढलं.

हसू टिकलं पुढच्या आठवड्यापर्यंत. संचालकांचा ठराव नोटीस बोर्डावर लागला. सरकारी वीज, डिझेल, चिपाड, प्रत्येकापुढं खर्च. चिपाड फुकटचं म्हणावं, तर त्यालाही वाहतूक आणि मजुरी धरून दर लावला होता. आणि खाली शेवटची ओळ: कार्ड पंचिंग, हाताने, ऊर्जाखर्च शून्य. त्याखाली सूचना: सबब हे काम रोजंदारीवरच ठेवावे, हंगाम संपताच मुलींना कमी करावे व गरजेप्रमाणे बोलवावे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. कान तापले. चिपाडाला भाव आणि मला शून्य! ज्या हातांनी खोली वाचवली त्या हातांना हंगाम संपला की घरी. गरज सरो, वैद्य मरो. इन्चार्ज मागून येऊन म्हणाले, “अगं, शून्य म्हणजे कौतुकच आहे. तुमच्यामुळं कारखान्याचा खर्च वाचला.” मी त्यांच्याकडं असं बघितलं असणार की ते टॅब्युलेटर पुसायला निघून गेले.

मी सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. दारावरच्या शिपायाला विचारलंसुद्धा नाही.

“साहेब, डिझेलला दर लावला, चिपाडाला लावला. आमच्या हातांना शून्य कसं?”

ते चक्रावले. “हात म्हणजे काय इंधन आहे का?”

“मग वीज नव्हती तेव्हा कार्डं कशावर झाली?”

“तुला नक्की काय पाहिजे?”

“काम बारा महिने आहे. आम्हाला कायम करा.”

ते हसले. तुच्छतेनं नाही, दमल्यासारखे. “पंचिंगची जागाच मंजूर नाही. आणि हे बघ, पटत नसेल तर सोड. दौंडातून मॅट्रिक झालेल्या दहा पोरी उद्या आणतो.”

घरी आले तर मामा ड्यूटीवरून येऊन हात धूत होता. त्याच्या नखांतला कोळसा कधीच निघायचा नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “कोळसा काय आपसूक उडी मारून भट्टीत जातो व्हय? कुणीतरी फावडं मारावं लागतं. रेल्वेला ते ठावं हाय. म्हणून माझं नाव मस्टरवर हाय, ह्यो क्वार्टर हाय, आन् तुला निजाया जागा हाय.” मग हात पुसत म्हणाला, “पर जपून, पोरी. नोकरी गेली तर आईला काय तोंड दावशील?”

त्याचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त चीड आली.

आणीबाणीच्या त्या दिवसांत संप हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. काढला की माणूस उचललाच. म्हणून आम्ही संप केला नाही. आम्ही बसलो. पंधरवड्याच्या बिलाचा दिवस होता. चौघींनी हजेरी लावली, आपापल्या खुर्चीत बसलो आणि हात मांडीवर ठेवले. आईनं सांगितलंच होतं, बसून करायची नोकरी. गव्हाण भरलेली, वाफ जोरात, पंखा ताठ, सॉर्टर रिकाम्या पोटानं गुणगुणत होता. त्याला खायला एक कार्ड नव्हतं.

इन्चार्ज आले. “काय चाललंय हे?”

यवतची म्हणाली, “काय न्हाई, साहेब. शून्य चाललंय.”

ते मॅनेजरसाहेबांना घेऊन आले. साहेबांनी आवाज चढवला, मग उतरवला, मग जीप खरंच दौंडला पाठवली. तोवर खिडकीशी शेतकरी जमले. कुणीतरी ओरडलं, “आमचं बिल आडवून बसल्यात, लई माज आलाय ह्यांना!” दुसऱ्यानं माझी वस्ती काढली. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, “माझी वस्ती शिरूरला हाय. तुमच्या उसाचा हिशेब करायला हितं येते. अजून काय इचारायचंय?” तो गर्दीत मागं सरकला. मी परत खुर्चीत जाऊन बसले. भीती वाटली होती, वाटली नाही असं कशाला म्हणू? कॉलनीतल्या एकीला रडू फुटलं आणि तिची बोटं कळांकडं गेली. यवतचीनं तिचा हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

दुपारी जीप परत आली. त्यातून दोघी मुली उतरल्या, नवी पातळं, हातात दाखल्याची सुरळी. त्या दारात उभ्या राहिल्या, आम्हाला बघितलं, मांडीवरचे हात बघितले. मग त्यांतली उंच होती तिनं मॅनेजरसाहेबांना विचारलं, “सर, नोकरी कायम हाय का?” साहेब म्हणाले, “आधी आत तर या.” ती म्हणाली, “मग आम्ही बाहेर थांबतो.” दोघी व्हरांड्यात जाऊन बसल्या. त्यांना आम्ही काही पढवलं नव्हतं. पुढं कित्येकदा वाटलं, तिला शोधून काढावं.

शेवटी आप्पा आले. खिडकीतल्या गर्दीनं त्यांना आधीच वाटेत गाठलं होतं. त्यांना आमची कणव आली, असं मी म्हणणार नाही. संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती, आणि ज्यांची बिलं अडली ते मतदार होते. पण आप्पा आधी खाली बसले, मग बोलले, हे मला आवडलं.

“पोरींनो, वाफ वाया चाललीया.”

“आप्पा,” मी म्हटलं, “वाफंला चिपाड लागतं. ते ठरावात लिव्हलंय. कार्डाला हात लागतो, थितं शून्य लिव्हलंय. शून्यानं कार्ड पडत असंल तर पाडून घ्या.”

आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. “साहेब, ह्यांना कायम का करत न्हाई?”

“आप्पा, जागा मंजूर नाही. मंडळाची मंजुरी, सरकारची मंजुरी, वर्ष जाईल.”

“मंजूर जागा कुठं रिकाम्या हायती?”

मॅनेजरसाहेबांनी डोकं खाजवलं. “बॉयलर खात्यात आहेत. मदतनीसांच्या. जुनी माणसं निवृत्त झाली.”

“मग घाला थितं.”

“आप्पा, या बायका आहेत!”

“तुमी तर त्यांना शून्य म्हणत हुता,” आप्पा म्हणाले. “आता बाया दिसाया लागल्या व्हय?”

साहेबांनी मान डोलावली, तेव्हा आम्ही कळांवर बोटं ठेवली. त्या दिवशी जी कार्डं पाडली ती अशी, की सॉर्टरला दम लागला. ठराव लेखी हातात पडेपर्यंत मी दर दोन दिवसांनी केबिनच्या दारात जाऊन उभी राहायची. पुढं साहेब मला बघितलं की आपणच म्हणायचे, “होतंय, होतंय.” उन्हाळ्यात हुकूम आला: बॉयलर खाते, मदतनीस, कायम. चौघींनाही. काम मात्र कार्डांचंच.

मामानं तो वाचला आणि हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, “घराण्यात दुसरा फायरमन झाला की!” शिरूरला जाऊन आईला सांगितलं तर ती घाबरली. “बॉयलरमधी बसायचं? बसून करायची नोकरी म्हनलं हुतं मी, भाजून घ्यायची न्हाई.” तिला समजावता समजावता एसटी चुकली.

आता शेवटचं, आणि भाचीला हेच सांगायचं राहिलं होतं. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवायचा समारंभ होता. आमच्या कारखान्यात रीत अशी होती, की पूजा झाली की बॉयलर खात्यातल्या प्रत्येकानं आपलं मूठभर चिपाड भट्टीत टाकायचं, मग हंगाम सुरू. बायका दोरीच्या मागं. संचालकांच्या घरची मंडळी आरतीची ताटं घेऊन मागं, आणि आमच्यासारख्या त्यांच्याही मागं. आम्ही चौघी त्या दिवशी दोरी वर उचलून आत गेलो आणि बॉयलरवाल्यांच्या रांगेत उभ्या राहिलो.

फोरमन पुढं आला. “बायकांनी मागं थांबा.”

“आमचं खातं कुठलं?” मी विचारलं. “मस्टर बघा.”

त्यानं मॅनेजरसाहेबांकडं बघितलं. साहेब आपल्या बुटाकडं बघत होते. आप्पा मागून ओरडले, “आरं, आटपा लवकर, मुहूर्त चाललाय!”

पूजेत मी हात जोडले नाहीत. आमच्या घरात ते सुटलं होतं, आणि यवतचीच्या घरात कधी नव्हतंच. पण हंगाम पेटवणं हे पूजेचं काम नाही, ते कामाचं काम आहे, आणि त्यात आमचा हात होता. रांग पुढं सरकली. भट्टीचं दार उघडं होतं, आत नुकती ठिणगी पडली होती. मी मूठभर चिपाड उचललं, कोरडं, टोचरं, आणि आत टाकलं. फर्रकन पेटलं. तोंडावर ऊब आली.

मी पुन्हा वाकून मूठ भरली. फोरमन म्हणाला, “झाली की तुमची मूठ.”

“ती माझी होती,” मी म्हटलं, आणि दुसरी मूठ आईच्या नावानं आत फेकली.